मुळांवरच्या गाठी, लवंगेचं तेल आणि लावणीआधीचे बारा दिवस

भेंडीचं झाड दुपारी मान टाकतं, संध्याकाळी पुन्हा उभं राहतं, आणि बोट खुपसून पाहावं तर माती ओलीच. पाणी वाढवून फरक नाही, युरिया देऊन पिवळेपणा जात नाही. मुरबाड तालुक्यातल्या आमच्या शेतात हे पहिल्यांदा झालं तेव्हा भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, फोनवर म्हणाले, "वहिनी, खालच्या चार ओळींना पाणीच पोचत नाही बहुतेक." शनिवारी मी ऐरोलीहून कल्याण आणि तिथून एसटीने मुरबाड गाठलं. फावड्याने एक झाड मातीच्या ढेकळासकट काढलं आणि बादलीत हलकेच धुतलं. बारीक पांढरी तंतुमुळं जवळजवळ नव्हतीच. होती ती आल्याच्या बोटांसारखी सुजलेली, एकाला एक चिकटलेली गाठींची माळ. पाणी पोचत होतं, ते वर ओढणारं मूळच उरलं नव्हतं.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या पट्ट्यात सुगंधी द्रव्यांच्या एका कारखान्यात मी 27 वर्षं क्वालिटी कंट्रोलला होते. लवंग, ओवा, गवती चहा, रोशा गवत, दालचिनी, निलगिरी ही तेलं रोज हाताखालून जायची. त्यामुळे आता ओळखीचे शेतकरी आणि ऐरोली-घणसोलीतले गच्चीवर भाज्या लावणारे शेजारी विचारतात, "काकू, लवंगेच्या तेलाने निमॅटोड मरतात ना?" निमॅटोड म्हणजे सूत्रकृमी, मुळांत शिरून अशा गाठी करणारे बारीक कृमी. मरतात, पण मुळाबाहेर, मातीतल्या ओलाव्यात असतानाच. मुळात शिरल्यावर तेल त्यांच्यापर्यंत पोचत नाही. पुढे जे मोजमाप आणि जी वेळ सांगते आहे, ती सगळी या एका गोष्टीवर उभी आहे.

आधी कीड कुठे असते ते

गाठी करणाऱ्या सूत्रकृमीचं शास्त्रीय नाव मेलॉयडोगायनी. आपल्याकडे भाज्यांवर मुख्यतः इन्कॉग्निटा आणि जावानिका या दोन जाती सापडतात. भारतात गाठीच्या सूत्रकृमीची पहिली नोंद 1901 साली बार्बर यांनी दक्षिणेतल्या चहाच्या मळ्यात केली, म्हणजे ही नव्याने आलेली कीड नव्हे. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू अर्धा मिलिमीटरही लांब नसतं. मातीच्या कणांभोवती पाण्याचा जो पातळ थर असतो त्यातून ते सरपटत मुळाच्या कोवळ्या टोकाशी येतं आणि आत शिरतं. मादी झाली की ती पेअरसारखी फुगते, जागची हलत नाही, आणि मुळाच्या सालीवर चिकट लाळेत 200 ते 500 अंडी घालते. आपल्याकडच्या उबदार मातीत हा फेरा साधारण 25 ते 30 दिवसांत पुरा होतो. भेंडी चार महिने उभी असते, तेवढ्यात तीन-चार पिढ्या होतात.

म्हणजे मातीत मोकळं फिरणारं पिल्लू तेलाच्या तावडीत सापडतं. लाळेत गुंडाळलेल्या अंड्यांवर परिणाम कमी होतो आणि गाठीच्या आतल्या मादीवर जवळजवळ नाहीच. झाड सुकायला लागल्यावर बुंध्याशी तेलाचं पाणी ओतणाऱ्याचे पैसे वाया जातात. वर, मेलेल्या मुळांना आणखी चटका बसतो तो वेगळाच.

खात्री करून घ्या

झाड ओढून उपटू नका, गाठी आणि बारीक मुळं मातीतच तुटून राहतात. खणून काढा आणि पाण्यात धुवा. चवळी, वाल, मूग यांच्या मुळांवर चांगल्या जिवाणूंच्याही गाठी असतात, त्या पाहून दरवर्षी कोणीतरी घाबरतं. त्या मुळाच्या बाजूला मण्यासारख्या लागलेल्या असतात, अंगठ्याने चोळलं की सुटतात, आणि नखाने फोडल्या तर आत गुलाबी दिसतात. निमॅटोडची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं. सोडवायला गेलात तर मूळ तुटेल, गाठ सुटणार नाही.

माती लावणीआधी तपासायची असेल तर सोपी रीत आहे. शेताच्या आठ-दहा जागांहून, वरची दोन बोटं माती बाजूला सारून, वीतभर खोलीपर्यंतची माती घ्या. एकत्र करून एका कुंडीत भरा आणि टोमॅटोचं किंवा काकडीचं बी टाका. पाच आठवड्यांनी रोप धुऊन मुळं पाहा. रोपाला जे झालं तेच शेतात होणार.

ज्यांच्याकडे मायक्रोस्कोप आहे, शाळेतला असला तरी चालेल, त्यांच्यासाठी दुसरी रीत. पसरट ताटात थोडं पाणी, त्यावर प्लॅस्टिकची चाळणी, चाळणीत दोन पदरी टिश्यू पेपर, आणि त्यावर मूठभर ओलसर मातीचा पातळ थर. पाणी मातीच्या तळाला टेकेल इतकंच असावं. एक-दोन दिवसांत जिवंत सूत्रकृमी कागदातून खाली पाण्यात उतरतात. ताटातलं पाणी उंच ग्लासात काढून तीन-चार तास स्थिर ठेवा, वरचं अलगद ओतून द्या आणि तळाचा थेंब काचेवर घ्या. 40 पट मोठं करून पाहिलं तरी वळवळ दिसते. सगळेच वाईट नसतात. कुजकं खाणारे आणि जिवाणू खाणारे सूत्रकृमीही त्यात असतातच. पिकाला त्रास देणाऱ्यांच्या तोंडात सुईसारखं टोकदार अंग असतं, ते ओळखायला जास्त मोठं करून पाहावं लागतं आणि थोडी सवय लागते.

लवंगेचं तेल काय करतं हे मी अशाच थेंबावर पाहिलं. गाठींवरच्या अंड्यांतून निघालेली पिल्लं काचेच्या वाटीत घेतली आणि 1 लिटर पाण्याला 1 मिली तेल या हिशोबाचं दुधी पाणी त्यांच्यावर घातलं. आधी वेगाने पिळवटली, मग हालचाल मंदावली, आणि दुसऱ्या दिवशी सगळी काडीसारखी सरळ पडलेली. तिथेच थांबले असते तर चुकीचा निष्कर्ष काढून बसले असते. ती पिल्लं साध्या पाण्यात हलवून आणखी एक दिवस ठेवली. पूर्ण जोराच्या पाण्यातली तशीच सरळ राहिली. दुसऱ्या वाटीत पाव जोराचं पाणी घातलं होतं, त्यातली बरीचशी मात्र पुन्हा वळवळायला लागली. मेली नव्हती, नुसती सुन्न झाली होती. मातीत असंच होतं. तेल कमी पडलं किंवा लवकर उडून गेलं, की कीड आठवड्यात शुद्धीवर येते आणि शेतकरी म्हणतो, तेलाचा उपयोग नाही.

तेल कोणतं आणि खरं कसं ओळखायचं

ज्या तेलांत फिनॉलसारखी जहाल द्रव्यं जास्त असतात ती या कामी येतात. लवंगेत युजेनॉल, ओव्यात थायमॉल, दालचिनीच्या सालीत सिनॅमाल्डिहाइड. गवती चहातला सिट्रल आणि रोशातला जिरॅनिऑल हेही चांगले. ही द्रव्यं पिल्लाच्या पेशींचं आवरण बिघडवतात आणि काही त्याच्या मज्जातंतूंवर काम करतात. निलगिरीवर या कामासाठी मी पैसे घालत नाही. कडुनिंबाचं तेल या जातीतलं नाही. ते घाण्यावर निघतं, वाफेबरोबर उडत नाही, आणि त्याचं काम वेगळ्या रीतीने चालतं.

लवंगेचं तेल कळ्यांचंही येतं आणि पानांचंही. अत्तर आणि मसाल्यासाठी कळीच्या तेलाला भाव असतो. आपल्याला मातीत ओतायचं आहे, तर पानांचं घ्या. युजेनॉल त्यातही भरपूर असतं आणि किंमत पुष्कळ कमी. ओव्याचं तेल न मिळालं तर काष्ठौषधीच्या दुकानातलं ओव्याचं फूल चालतं. घरच्या अमृतधारेत कापूर आणि पुदिन्याच्या फुलासोबत पडतात तेच हे खडे, म्हणजे शुद्ध थायमॉल. ते पाण्यात सहज विरघळत नाहीत, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून घ्यावे लागतात.

भेसळ सर्रास असते. आमच्या प्रयोगशाळेत मोठी यंत्रं होती, पण घरी तीन गोष्टी करता येतात. पहिली, पेलाभर पाण्यात लवंग तेलाचा थेंब टाका. खरं लवंग तेल पाण्यापेक्षा जड असतं, गोळी होऊन तळाशी जातं. टर्पेंटाइन किंवा दुसरं हलकं तेल बरंच मिसळलं असेल तर थेंब वरच तरंगतो. दुसरी, कोऱ्या कागदावर थेंब टाकून दोन-तीन दिवस उघड्यावर ठेवा. खायच्या तेलाची भेसळ असेल तर तेलकट पारदर्शक डाग कायम राहतो. तिसरी मला सर्वात भरवशाची वाटते. लहान काचेच्या बाटलीत 1 मिली तेल आणि त्यात 3 मिली 70 टक्क्यांचं अल्कोहोल घालून हलवा. शुद्ध लवंग तेल लख्ख विरघळतं, खायचं तेल मिसळलेलं गढूळ होतं. हे अल्कोहोल लगेच पेट घेतं, गॅसजवळ हा प्रयोग नको.

बाटली गडद काचेची, घट्ट बुचाची, थंड जागी. लवंगेचं तेल पातळ प्लॅस्टिकला खातं. एकदा मी ते वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या कपात मोजलं आणि कपाचा तळ बघता बघता मऊ होऊन चिकट झाला. तेव्हापासून मोजायला काच किंवा स्टील. पंपातून मारायचं असेल तर काम झाल्याबरोबर पंप साबणाच्या पाण्याने धुवा, नाहीतर आतले रबरी वायसर फुगतात.

गवती चहा परसात भरपूर आहे म्हणून काही जण कुकरला नळी जोडून तेल काढायला बघतात. नका करू. पानाचा तुकडा नळीत अडकला की कुकर फुटू शकतो. आणि ताज्या गवती चहाच्या 5 किलो पानांतून जेमतेम 10 ते 20 मिली तेल निघतं, त्यासाठी एवढा धोका कशाला. त्यापेक्षा तो चिरून मातीवर आच्छादन म्हणून पसरा.

पाण्यात मिसळणं

इथे घाई केली की पुढचं सगळं बिघडतं. तेल नुसतं पाण्यात टाकून झारीने ओतलं तर पहिल्या झारीत सगळं तेल आणि शेवटच्या झारीत नुसतं पाणी जातं. एका आळ्यातलं रोप जळतं, दुसऱ्यातली कीड जगते.

10 मिली तेल काचेच्या बाटलीत घ्या. त्यात पॉलिसॉर्बेट-80 तेवढंच, 10 मिली. केमिकलच्या दुकानात ते ट्वीन-80 या नावानेही मिळतं, सौंदर्यप्रसाधनं बनवणारे वापरतात. दोन्ही एकजीव होईपर्यंत हलवा. मग चमचा-चमचा कोमट पाणी घालत हलवत राहा. आधी घट्ट साय, मग दूध, असं होत जातं. पेलाभर झालं की 10 लिटरच्या बादलीत ओता आणि काठीने ढवळा. पंधरा मिनिटांनी वाकून पाहा. वर तेलाचे डोळे दिसले किंवा तळाशी थेंब जमले तर मिसळलेलं नाही, आणखी थोडं पॉलिसॉर्बेट घालून पुन्हा करा.

रिठ्यानेही जमतं. 20-25 रिठे फोडून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायचे, सकाळी कुस्करून गाळायचे, आणि त्या पाण्यात तेल थेंबाथेंबाने घुसळायचं. हे मिश्रण फार वेळ टिकत नाही, लगेच वापरावं लागतं. कपड्याचा साबण किंवा भांड्याचा लिक्विड साबण घालू नका. बोअरच्या जड पाण्यात साबण फाटतो, आणि काही साबण मुळांनाच त्रास देतात.

वाफ्यावर, दिवसांच्या हिशोबाने

तेलाची खरी जागा म्हणजे रोपांचा गादीवाफा. वांगी, टोमॅटो, मिरची यांचं रोप वाफ्यातच गाठाळलं तर तीच कीड आपण स्वतःच्या हाताने शेतभर लावतो. आमच्याकडे भात काढून झालं की वांग्याच्या रोपाची तयारी सुरू होते. 3 मीटर लांब, 1 मीटर रुंद वाफ्याला मी 25 लिटर पाण्यात 25 मिली तेल धरते.

लावणीच्या 12 दिवस आधी सुरुवात. माती वीतभर खोल भुसभुशीत करा, जुन्या पिकाची मुळं वेचून बाहेर काढा. शेणखत या वेळी घालायचं नाही. सेंद्रिय पदार्थ तेल स्वतःकडे धरून ठेवतात आणि किडीसाठी पाण्यात तेल उरत नाही. काचेच्या वाटीत पुरेसं ठरणारं प्रमाण शेतात कमी पडतं, ते बरंचसं यामुळेच. आदल्या दिवशी वाफा साध्या पाण्याने भिजवा. कोरड्या मातीत कीड सुस्त पडून असते आणि पाणी भेगांतून भलतीकडे निघून जातं.

दुसऱ्या दिवशी, ऊन उतरल्यावर, वाफ्यात बोटभर खोल चरी पाडा. तेलाचं पाणी अर्धं चरींत, अर्धं वरून झारीने द्या. झारी भरताना दर वेळी बादली ढवळा. लगेच चरी बुजवा आणि पातळ पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून कडा मातीने दाबा. ही तेलं उडून जाणारी आहेत, झाकलं नाही तर निम्मं काम हवेला जातं. चार दिवसांनी प्लॅस्टिक काढा, माती खालीवर करा, उघडी राहू द्या. आणखी चार दिवसांनी पुन्हा एकदा खालीवर.

दहाव्या दिवशी एका कोपऱ्यात चिमूटभर अळीव पेरा. बाळंतिणीच्या लाडवांत घालतात तेच अळीव. ते दोन दिवसांत उगवतं आणि मातीत जरा काही जहाल राहिलं असेल तर उगवत नाही किंवा मुळाचं टोक तपकिरी पडतं. शेजारी साध्या मातीच्या करवंटीतही थोडं पेरा, म्हणजे तुलना होते. दोन्हीकडे सारखं हिरवं झालं की बी टाका. वाफ्यातलं मागे असेल तर पाणी देऊन आणखी पाच दिवस थांबा.

ही अळीवाची परीक्षा मी नंतर शिकले. 2019 मध्ये, उत्साहात, मी वांग्याची रोपं लावल्याच दिवशी आळ्यांत तेलाचं पाणी घातलं होतं, आणि प्रमाणही दुप्पट. दुसऱ्या दिवशी सकाळी पानांच्या कडा शिजल्यासारख्या झाल्या होत्या, चौथ्या दिवशी 60 रोपं गेली. ती रोपं भाऊजींनी महिनाभर सांभाळली होती. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत, नुसते आळी पुन्हा उकरत राहिले. अमेरिकेत भाजीच्या रोपांवर लवंग तेलाची तपासणी झाली आहे, तिथेही लावणीच्याच दिवशी दिलेल्या तेलाने रोपांना इजा झाली आणि मध्ये दिवस सोडल्यावर ती कमी झाली. मी हे आधी वाचायला हवं होतं. म्हणून सांगते, अंतराचे दिवस कापू नका.

अळीव पास झालं की मग शेणखत, निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी घाला. क्रम उलटा नको. ही तेलं बुरशीलाही मारतात. आधी ट्रायकोडर्मा आणि वर तेल म्हणजे स्वतःचाच पैसा स्वतः जाळणं. निमॅटोडची अंडी खाणारी परप्युरिओसिलियम ही बुरशीही बाजारात पुडीत मिळते, पूर्वी तिला पॅसिलोमायसिस म्हणत. तीही याच वेळी शेणखतात मिसळून द्यावी. तेलाने न मेलेली अंडी तिच्यासाठी राहतात.

पूर्ण शेताला का नाही

भाऊजींनी विचारलं होतं, सगळ्या 30 गुंठ्यांना देऊन टाकू का? हिशोब कागदावर मांडला. भेंडी दोन फूट बाय एक फुटावर, म्हणजे 16,000 च्या वर आळी. आळ्याला अर्धा लिटर धरला तर 8,000 लिटर पाणी आणि 8 लिटर तेल. तेवढ्या तेलाचे पैसे भेंडीतून निघत नाहीत. वाशी मार्केटला माल कोणत्या भावाने जाईल हे आपल्या हातात नसतं. म्हणून शेतात तेल फक्त तिथेच, जिथे मागच्या वर्षी झाडं सुकली होती. निमॅटोड सुरुवातीला पट्ट्या-पट्ट्यांतच असतात. तेवढी दोनशे-तीनशे आळी, बी टोकण्याच्या 12 दिवस आधी, वरच्याच रीतीने करायची. आळ्यावर प्लॅस्टिकऐवजी मातीचा चार बोटं थर ओढला तरी चालतं.

बाकीच्या शेतासाठी आपल्या भागात स्वस्त आणि चांगल्या गोष्टी आहेत. भाताचं खाचर चार महिने चिखल-पाण्यात असतं, त्या बिनहवेच्या मातीत भाजीवरच्या या निमॅटोडची संख्या बरीच घटते. आमच्याकडे भेंडी सुकली ती वरकस, म्हणजे खाचराबाहेरच्या चढावरच्या जमिनीच्या तुकड्यात, जिथे पाठोपाठ तीन वर्षं भेंडी, वांगी, पुन्हा भेंडी झाली होती. खाचरातल्या भेंडीला त्रास नव्हता. तरी भाताच्या मुळांकडेही लक्ष ठेवा. ग्रॅमिनिकोला नावाची याच कुळातली एक जात भातावर जगते, तिच्यामुळे मुळाची टोकं आकड्यासारखी वळतात.

वरकसात आम्ही आता दसरा-दिवाळीसाठी झेंडू लावतो. झेंडूच्या मुळांतलं अल्फा-टरथायनिल हे द्रव्य निमॅटोडला घातक असतं, आणि ते जिवंत, वाढत्या मुळांभोवतीच काम करतं. बांधावर चार झाडं शोभेची लावून भागत नाही. पूर्ण तुकडा दाट झेंडू, अडीच-तीन महिने, तेव्हा फरक दिसतो. फुलांचे पैसे हातात येतात ते वेगळे. मोहरीची पेंड ओल्या मातीत मिसळली की तिच्यातून डोळ्यांत पाणी आणणारा तिखट वायू सुटतो, तोही मोहरीचा उडनशील अंशच. मात्र पेंड फार तापवलेली नसावी, नाहीतर तो वायू तयार करणारं विकर मरून जातं. तीही लावणीआधी दोन-तीन आठवडे.

सासूबाई मिरचीचं रोप नेहमी भाताच्या राबाच्या, म्हणजे पाला-शेण जाळून भाजलेल्या रोपवाफ्याच्या जागेवर टाकायच्या. राब भाजल्याने वरची माती तापते, तणाचं बी आणि कीड दोन्ही कमी होतात, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. आता पाला आणि शेण जाळावं असं मी म्हणणार नाही, मातीला ते खाऊ घालावं. पण उष्णतेचं तत्त्व तेच, आणि उन्हाळ्यात ते प्लॅस्टिकखाली फुकट मिळतं.

गच्चीवरच्यांसाठी

माझ्या ऐरोलीच्या गच्चीत निमॅटोड आले ते विकतच्या लाल मातीतून. एका रोपवाटिकेतून आणलेल्या चार गोणींपैकी दोन गोणींतल्या टोमॅटोला गाठी, दोन कोऱ्या. गच्चीवर मी तेल शेवटी वापरते, पहिलं काम ऊन करतं. एप्रिल-मेमध्ये माती ओली करून वीतभर थरात पसरा, 25 मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद घट्ट ओढून कडा विटांनी दाबा, चार ते सहा आठवडे ठेवा. काळा कागद नको, पारदर्शकाखाली माती जास्त तापते. पावसाळ्यात किंवा हिवाळ्यात घाई असेल तेव्हाच तेल. 20 लिटर मातीच्या पिशवीला 2 लिटर पाणी, 2 मिली तेल, पिशवीचं तोंड बांधून चार दिवस, मग उघडी आठ दिवस, मग अळीव. उभ्या झाडाच्या कुंडीत तेल घालायचं नाही.

जपायचं कोणाला

लवंग तेल कातडीला भाजतं, डोळ्यांत गेलं तर फार वाईट. नायट्रिलचे हातमोजे आणि चष्मा घाला, उघड्या हवेत काम करा, लहान मुलांना दूर ठेवा. हे द्रव्य माशांना घातक आहे आणि गांडुळांनाही सोडत नाही. विहीर, ओढा, मासे असलेलं खाचर यांच्या काठाला वापरू नका, आणि पाऊस येण्याची चिन्हं असतील तर तो दिवस टाळा. गांडुळं भरपूर असलेल्या वाफ्याला मी तेल देतच नाही, तिथे पेंड आणि बुरशी यांवर भागवते.

शेतात बरेच जण पूर्वी फोरेट नावाचं जहाल कीटकनाशक टाकत. 31 डिसेंबर 2020 पासून देशात त्यावर बंदी आहे. कुठे जुनी पिशवी पडलेली असेल तर ती वापरू नका. घरी केलेलं तेलाचं मिश्रण स्वतःच्या शेतात वापरा, बाटलीत भरून औषध म्हणून विकू नका, त्याला कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. निर्यातीची भेंडी करणाऱ्यांनी माल घेणाऱ्याला आधी विचारून मगच काहीही मातीत घालावं.

तोडणी संपल्यावर

शेवटची तोडणी झाली की झाडं शेतात उभी वाळू देऊ नका. मुळं जिवंत असेपर्यंत आत अंडी वाढतच राहतात. सगळ्या शेतातून विखुरलेली वीसेक झाडं खणून, धुऊन पाहा. बाकीची मुळासकट काढून कडक उन्हात वाळवा, शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका.

आम्ही त्या दिवशी वहीत शेताचा नकाशा काढतो. बांध, विहीर, आंब्याचं झाड, आणि जिथे गाठी दिसल्या तिथे लाल खूण. गाठी थोड्या असतील तर एक, मूळ भरलेलं असेल तर तीन. पुढच्या हंगामात तेल कुठे जाईल ते या खुणा ठरवतात. या वर्षी विहिरीकडच्या कोपऱ्यात तीन-तीनच्या पाच खुणा आल्या आहेत. विहीर जवळ आहे, म्हणून तिथे तेल नाही. मी आणि भाऊजींनी ठरवलं, तो कोपरा जूनपासून झेंडूला.